प्युब्लो मृत्पात्रे आणि ती घडवणारी घराणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील प्युब्लो समाजांच्या हातवळणीच्या मातीच्या भांड्यांविषयी मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये सान्ता फे किंवा ग्रँड कॅन्यनला जाऊन आलेले प्रवासी आहेत, तिकडे स्थायिक झालेली कुटुंबे आहेत आणि इथे कुंभारकाम शिकणारे विद्यार्थीही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. प्युब्लो ही एकच जमात आहे का? हे लोक नेमके कुठे राहतात?

ती एक जमात नाही. न्यू मेक्सिको राज्यातील १९ प्युब्लो, अॅरिझोनातील होपी गावे आणि टेक्सासमधील इस्लेता देल सूर हे सारे समाज या नावाखाली येतात. प्रत्येक प्युब्लोचा कारभार आणि सण-विधी वेगळे आहेत. भाषाही एक नाही. तेवा, तिवा, तोवा, केरेस, झुनी आणि होपी अशा भाषा या गावांमध्ये बोलल्या जातात. भांड्यांविषयी बोलताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण 'प्युब्लो भांडे' एवढे म्हटल्याने फारसे काही कळत नाही. ते कोणत्या गावचे आणि कोणत्या घरचे, असे विचारल्यावरच माहितीला सुरुवात होते.

२. ही परंपरा किती जुनी आहे? ती मध्येच खंडित झाली होती, असे ऐकले आहे.

या प्रदेशात दीड हजारांहून अधिक वर्षे मातीची भांडी घडत आली आहेत. चाको आणि मेसा व्हर्डे येथील जुन्या वस्त्यांमध्ये सापडणारी भांडी आजच्या प्युब्लो लोकांच्या पूर्वजांची आहेत. १५९८ साली स्पॅनिश वसाहत सुरू झाली, १६८० साली प्युब्लोंनी एकत्र उठाव करून स्पॅनिशांना हुसकावले आणि १६९२ पासून ते पुन्हा परतले. या साऱ्या काळात पाण्याच्या घागरी, धान्याचे रांजण, शिजवण्याची भांडी आणि विधींची पात्रे घडतच होती.

खरा धक्का बसला तो १८८० नंतर आलेल्या रेल्वेमुळे. पत्र्याची आणि एनॅमलची स्वस्त भांडी गावोगाव पोचली आणि घागरीची गरज कमी झाली. त्याच गाडीतून प्रवासीही आले. त्यांना सामानात मावेल असे लहान काहीतरी हवे होते. अनेक गावांत मोठी, कसलेली भांडी मागे पडली आणि झटपट विकल्या जाणाऱ्या लहान वस्तू वाढल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत काही घराण्यांनी जुना दर्जा परत आणला. मात्र 'मेलेली कला जिवंत केली' हे सर्रास वापरले जाणारे वाक्य सगळीकडे लागू पडत नाही. हेमेझ येथे रंगवलेली जुनी भांडी अठराव्या शतकात खरोखर थांबली आणि विसाव्या शतकात नव्याने सुरू झाली. अकोमा किंवा झिया येथे हात कधीच पूर्ण थांबले नव्हते.

३. चाक न वापरता भांडे इतके गोल आणि पातळ कसे होते?

कुंभाराचे चाक अमेरिका खंडात मुळात नव्हते आणि स्पॅनिशांच्या आगमनानंतरही प्युब्लो घरांनी ते स्वीकारले नाही. त्यांची पद्धत वळ्यांची आहे.

प्रथम मातीचा एक गोळा भाकरी थापावी तसा थापून बशीसारख्या उथळ आधारपात्रात बसवतात. या आधारपात्राला तेवा कारागीर 'पुकी' म्हणतात. त्यानंतर दोन्ही तळव्यांमध्ये माती वळून लांब वळी तयार करतात आणि ती काठावर बसवून बोटांच्या चिमटीने खालच्या थराशी एकजीव करतात. वळीवर वळी चढत जाते. भिंत काही बोटे उंच झाली की वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाचा तुकडा आतून-बाहेरून फिरवून सांधे पुसले जातात, भिंत पातळ केली जाते आणि आतून हलका दाब देऊन पोटाला फुगवटा आणला जातो. फिरते ती बहुतेक वेळा घडवणारीची नजर; भांडे ती थोडे थोडे वळवत राहते.

सर्वांत जास्त कौशल्य थांबण्यात आहे. खालचा भाग फार ओला असेल तर वरच्या वळ्यांच्या वजनाने तो बसतो, फार सुकला तर नवी वळी त्याला धरत नाही. मोठ्या रांजणाचे काम त्यामुळे अनेक दिवस चालते आणि काठ ओल्या फडक्याने झाकून ठेवावा लागतो.

भांडे वाळल्यावर ते खरवडून आणि घासून सारखे करतात, त्यावर अत्यंत बारीक मातीचा पातळ लेप देतात आणि तो लेप ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत दगडाने घोटतात. हे घोटणे एका बैठकीत पूर्ण करावे लागते, कारण मध्येच लेप सुकला तर चकाकी तुटक येते आणि सारे खरवडून पुन्हा आरंभ करावा लागतो. काळ्या आणि लाल भांड्यांची जी आरशासारखी झळाळी पाहून लोक 'कोणते ग्लेझ आहे?' असे विचारतात, ती केवळ या दगडाची करामत असते. काचेचा थर तेथे अजिबात नसतो. घोटण्याचे दगड आईकडून मुलीकडे आणि आजीकडून नातीकडे जातात. एखादा दगड हरवणे ही त्या घरात मोठी हानी समजली जाते, आणि ते योग्यच आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजलेला दगड बाजारात मिळत नाही.

४. माती कुठली वापरतात? खाणीची जागा कारागीर सांगत का नाहीत?

प्रत्येक गावाची माती वेगळी आहे आणि बहुतेक घरे आपापल्या ओळखीच्या जागेवरून ती आणतात. माती काढण्यापूर्वी प्रार्थना करून मक्याचे पीठ वाहण्याची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते आणि मातीला आई मानून गरजेपुरतीच माती घेतली जाते. खाणीची जागा ही घराची आणि गावाची मालमत्ता असते. त्यामुळे ती विचारू नये. कारागिराने विषय टाळला तर तो उद्धटपणा समजू नये.

आणलेली माती वाळवून, कुटून, भिजवून आणि गाळून घ्यावी लागते. नुसती माती भाजताना तडकते, म्हणून तिच्यात दुसरे काही मिसळतात. सान्ता क्लारा आणि सान इल्देफोन्सो येथे ज्वालामुखीची बारीक राख मिसळतात, झिया येथे कुटलेला काळा बसाल्ट दगड, तर अकोमा आणि झुनी येथे जुन्या भांड्यांची खापरे दळून घालतात. आजच्या घागरीच्या भिंतीत शे-दोनशे वर्षांपूर्वीचे खापर असू शकते आणि त्या खापरात त्याहूनही जुन्याचा अंश असू शकतो. ताओस आणि पिकुरिस येथील मातीत निसर्गतःच अभ्रक असते, त्यामुळे तिला वेगळे मिसळण लागत नाही.

५. बंदिस्त भट्टी नसताना ही भांडी भाजतात कशी?

उघड्यावर. वारा पडलेला असावा आणि जमीन कोरडी असावी, म्हणून पुष्कळदा पहाटेची वेळ निवडतात. भांडी आधी ऊब देऊन पूर्ण कोरडी करतात, कारण भिंतीत राहिलेला ओलावा वाफ होऊन भांडे फोडतो. जाळीवर किंवा दगडांवर भांडी रचून खाली जुनिपरची लाकडे घालतात, भोवती गुरांच्या शेणाचे वाळलेले तुकडे लावतात आणि ज्वाळा थेट लागू नये म्हणून मध्ये पत्रे किंवा जुनी खापरे ठेवतात. होपी गावांत मेंढ्यांच्या लेंड्यांच्या वाळलेल्या लाद्या वापरतात. फार पूर्वी, स्पॅनिश येण्याआधीच, होपी पूर्वजांनी दगडी कोळशावरही भांडी भाजली होती.

उष्णता साधारण ६५० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते आणि सारे काम थोड्या तासांत आटोपते. तेवढ्या वेळात वाऱ्याची एक झुळूक कित्येक आठवड्यांचे काम निकामी करू शकते. जळण जिथे भांड्याला टेकते तिथे धुरकट डाग उमटतो. अकोमाच्या पांढऱ्या भांड्यावर तो दोष ठरतो. होपी भांड्याच्या पिवळ्या-केशरी अंगावर आगीने आणलेल्या छटांना मात्र रसिक मुद्दाम शोधतात.

६. काळ्या भांड्यांना काळा रंग कोणता लावतात?

रंग लावत नाहीत. सान्ता क्लाराचे लाल भांडे आणि काळे भांडे बहुधा एकाच मातीचे आणि एकाच लाल लेपाचे असते. आगीला हवा मिळत राहिली तर लेपातील लोह लाल होते. काळे करायचे असेल तर आग ऐन भरात असताना तिच्यावर घोड्याची भुकटी केलेली लीद भरभरून टाकतात आणि वर राख घालून सारे दाबून टाकतात. आत प्राणवायू पोचत नाही, लोहाचे रूप बदलते, दाट धुरातील काजळीचा कार्बन मातीच्या छिद्रांत शिरून बसतो आणि भांडे काळे होऊन निघते. लीद कधी टाकायची, हे धुराच्या रंगावरून आणि अनुभवावरून ठरते. उशीर झाला तर करडेपणा येतो. आग फार तापली तर घोटलेली चकाकी मरते.

चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी दिसते, त्याची युक्ती वेगळी आहे. संपूर्ण भांडे घोटून झाल्यावर त्यावर पातळ मातीने चित्र काढतात आणि तो भाग पुन्हा घोटत नाहीत. भाजल्यानंतर दोन्ही काळेच होतात, पण एक चमकते आणि दुसरे मंद राहते.

७. चकचकीत काळ्यावर मंद काळ्या नक्षीची ही युक्ती मारिया मार्टिनेझ यांनी शोधली का?

मारिया आणि त्यांचे पती ज्युलियन या दोघांनी मिळून, सान इल्देफोन्सो येथे, १९१८ ते १९२० च्या सुमारास. केवळ मारियांचे नाव घेणे अन्यायाचे होईल, कारण भांडे घडवणे आणि घोटणे मारियांचे, तर चित्र ज्युलियन यांचे होते.

मारियांचा जन्म १८८७ च्या सुमाराचा. भांडी घडवणे त्या मावशी निकोलासा यांच्याकडे पाहून शिकल्या. १९०४ साली लग्न होताच हे जोडपे सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात गेले आणि तिथे मारियांनी लोकांसमोर भांडी घडवली. पुढे पुरातत्त्वज्ञ एडगर ह्यूएट यांच्या उत्खननावर ज्युलियन मजूर म्हणून काम करू लागले. तिथे निघालेल्या खापरांसारखी भांडी घडवून पाहण्यास मारियांना सांगण्यात आले. अनेक प्रयोगांनंतर काळ्यावर काळे ही पद्धत हाती आली. ज्युलियन यांनी पाण्याचा शिंगे असलेला नाग 'अवान्यू' आणि प्राचीन मिंब्रेस भांड्यांवरून घेतलेली पिसांची वर्तुळाकार नक्षी या भांड्यांवर आणली.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम याच्या पुढचे आहे. ही पद्धत त्यांनी स्वतःपुरती राखली नाही, गावातील इतर घरांना शिकवली आणि शेतीवर जेमतेम तगणाऱ्या सान इल्देफोन्सोला उत्पन्नाचा आधार मिळाला. १९४३ साली ज्युलियन गेल्यानंतर सून सान्ताना चित्रे काढू लागल्या, १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मुलगा पोपोवी दा आईबरोबर काम करू लागला. पोपोवी १९७१ साली वारले, मारिया १९८० साली. पोपोवींचा मुलगा टोनी दा याने भांड्यांत पिरोजा जडवून वेगळीच वाट काढली. मारियांच्या बहिणीही या कामात होत्या आणि त्यांपैकी क्लारा यांची घोटाई विशेष नावाजलेली होती.

८. मग नाम्पेयो कोण? मारिया मार्टिनेझ आणि त्या, या दोघींची नावे नेहमी एकत्र का येतात?

दोघींनी आपापल्या गावातील कलेला नवी दिशा दिली, म्हणून. परंतु नाम्पेयो एका पिढीने आधीच्या आहेत आणि त्यांचे गाव शेकडो किलोमीटर पश्चिमेला, अॅरिझोनातील होपी प्रदेशात आहे. १६८० च्या उठावानंतरच्या धामधुमीत न्यू मेक्सिकोतून काही तेवा कुटुंबे होपींच्या आश्रयाला गेली आणि पहिल्या मेसावर, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरावर, हानो हे गाव वसले. त्याच होपी-तेवा समाजात, मका कुळात, नाम्पेयो १८६० च्या आसपास जन्मल्या.

जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावाच्या अवशेषांत चौदाव्या ते सतराव्या शतकातील पिवळ्या भांड्यांची खापरे सापडत. पसरट खांद्यांचे घट आणि पक्ष्यांच्या पंखांचे वळणदार आकार त्यांवर असत. १८९५ साली पुरातत्त्वज्ञ जेसी फ्यूक्स यांनी तिथे उत्खनन केले आणि नाम्पेयोंचे पती लेसू त्यावर कामाला होते. त्या उत्खननामुळेच नाम्पेयो जुन्या शैलीकडे वळल्या, ही गोष्ट अनेक ठिकाणी लिहिलेली आढळते. प्रत्यक्षात त्या त्याआधीपासूनच जुन्या खापरांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी नकला काढल्या नाहीत. ती शैली आत्मसात करून त्यांनी तिच्यात स्वतःची रचना केली.

पुढे त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरही त्या हातांच्या अंदाजाने भांडी घडवत राहिल्या आणि अॅनी, नेली व फॅनी या मुली ती रंगवत. १९४२ साली त्या वारल्या. त्यांच्या पणती डेक्स्ट्रा क्वोत्स्क्वीव्हा या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अग्रगण्य होपी-तेवा कारागिरांपैकी होत्या आणि हे घराणे आजही काम करते आहे.

९. सान्ता क्लाराच्या ताफोया घराण्याचे वैशिष्ट्य काय?

मोठे रांजण आणि कोरीव काम. साराफिना ताफोया आणि त्यांच्या कन्या मार्गारेट (१९०४ ते २००१) यांनी दोन फुटांहून अधिक उंचीचे काळे रांजण वळ्यांनी उभे केले आणि उघड्या आगीत तडा न जाता भाजले. असे मोठे भांडे भाजणे किती जोखमीचे असते, हे पाचव्या उत्तरावरून ध्यानात येईल. त्यांच्या रांजणांच्या गळ्याखाली अस्वलाच्या पंजाचा ठसा असतो. दुष्काळात अस्वलाने लोकांना पाण्याची वाट दाखवली, अशी गावात कथा आहे. खोदून काढलेला अवान्यू हेही त्यांचे प्रसिद्ध चिन्ह. स्वतः खणलेली माती, दगडाची घोटाई आणि उघड्यावरची आग यांबाबत मार्गारेट यांनी मुलाबाळांना कधी सवलत मागू दिली नाही. १९८४ साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. त्यांच्या नात नॅन्सी यंगब्लड यांची खरबुजाच्या फाकांसारख्या उभ्या कंगोऱ्यांची भांडी पाहिली, तर शिस्त तीच ठेवून नवे कसे घडते हे कळते.

१०. भांडे पाहून गाव ओळखता येते का?

बऱ्याच वेळा येते. पातळ भिंत, चुनखडीसारखी पांढरी पार्श्वभूमी आणि केसासारख्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर ते बहुधा अकोमाचे असते. ल्यूसी लुईस आणि मारी चिनो यांनी जुन्या खापरांवरील नक्षी अभ्यासून या रेघांना जी उंची दिली, ती त्यांच्या मुलींनी पुढे नेली. जड लाल माती आणि मोठ्या डोळ्यांचा पक्षी झियाची खूण आहे. तोंडापासून हृदयापर्यंत लाल रेघ असलेले हरीण झुनीकडे घेऊन जाते. पिवळा-केशरी रंग होपी, आणि सोनेरी चमकणारे साधे भांडे ताओस, पिकुरिस किंवा नाम्बे. मोठ्या ठसठशीत भौमितिक आकृती केवा, म्हणजेच सान्तो डोमिंगो, येथे अधिक आढळतात.

अपवादही पुष्कळ आहेत. लग्नामुळे कारागीर दुसऱ्या गावी जातात आणि दोन परंपरा एका हातात येतात. लेस नामिंघा यांच्याकडे झुनी आणि होपी-तेवा असे दोन्ही वारसे आहेत. सान इल्देफोन्सोचे भांडे काळेच असते, असेही मानू नये. तिथल्या ब्लू कॉर्न यांनी जुनी बहुरंगी भांडी पुन्हा सुरू केली.

११. अंगाखांद्यावर मुले घेतलेली उघड्या तोंडाची बाहुली ही प्राचीन देवता आहे का?

नाही. मातीच्या मानवाकृती कोचिटी गावात पूर्वीपासून होत्या, पण ही 'गोष्ट सांगणारी' आकृती हेलन कोर्देरो यांनी १९६४ साली प्रथम घडवली. गोष्टी सांगणारे त्यांचे आजोबा सान्तियागो किंताना हे तिचे मूळ, म्हणून पहिली आकृती आजोबांची आणि अंगावर नातवंडांची होती. आता अनेक प्युब्लोंमध्ये अशा आकृती घडतात. कोचिटीतीलच व्हर्जिल ओर्तिस हे आई सेफेरिना आणि आजी लॉरेन्सिता हेरेरा यांच्याकडून आलेली आकृतिशिल्पाची परंपरा आज १६८० च्या उठावाच्या कथेशी जोडून पुढे नेत आहेत.

१२. हे काम फक्त स्त्रियाच करतात का?

परंपरेने घडवणे स्त्रियांकडे राहिले आणि पुरुषांनी माती आणणे, जळण गोळा करणे, भाजणे आणि काही घरांत चित्र काढणे अशी कामे केली. आज भांडी घडवणारे नामवंत पुरुषही आहेत. आपल्याकडे कुंभाराचे चाक बहुधा पुरुष फिरवतो आणि माती मळण्यापासून बाजारापर्यंतची पुष्कळ मेहनत स्त्रिया करूनही नाव त्याचे होते. त्या दृष्टीने मराठी वाचकाला प्युब्लोंची ही रचना विचार करायला लावणारी वाटेल. शिकणे मात्र दोन्हीकडे सारखेच घरात बसून, पाहून आणि लहान गोळा हाती घेऊन होते.

१३. नक्षीचा अर्थ काय असतो? काही भांड्यांवर काठाची रेघ मध्येच तुटलेली का असते?

ढग, पाऊस, वीज, मका, पंख, नाग आणि पर्वत या आकृतींमागे बहुतेक वेळा पाण्याची याचना असते, कारण हा प्रदेश कोरडा आहे. याहून खोल अर्थ विधींशी जोडलेले असतात आणि ते बाहेरच्यांना सांगितले जात नाहीत. विक्रेत्याने प्रत्येक रेघेचा अर्थ तक्त्याप्रमाणे सांगितला, तर त्यावर फार विसंबू नये.

तुटलेली रेघ चूक म्हणून राहिलेली नसते, मुद्दाम सोडलेली असते. जुन्या भांड्यांवर ती विशेष दिसते आणि तिचा संबंध भांड्याच्या किंवा घडवणारीच्या आयुष्याच्या वाटेशी लावला जातो. घराघरांत स्पष्टीकरण वेगळे मिळते.

नक्षीवर हक्क कोणाचा, हाही गंभीर प्रश्न आहे. न्यू मेक्सिकोच्या ध्वजावरील सूर्यचिन्ह झियाच्या एका घटावरून घेतले आणि १९२५ साली ते राज्याने स्वीकारले, तेव्हा झिया लोकांची संमती घेतली गेली नव्हती. तो घट २००० साली गावाला परत मिळाला. चिन्हाच्या वापराविषयीची त्यांची हरकत कायम आहे.

१४. भांड्यावर सही नाही. म्हणजे ते नकली आहे का?

नाही. १९२० च्या दशकापूर्वी सही करण्याची रीतच नव्हती. बाहेरच्या ग्राहकांच्या आग्रहाने ती आली. एकोणिसाव्या शतकातील उत्कृष्ट घागरींच्या घडवणाऱ्यांची नावे त्यामुळे आपल्याला ठाऊक नाहीत.

उलट सही असली तरी ती नीट वाचावी लागते. मारिया मार्टिनेझ यांच्या भांड्यांवरील 'मारी', 'मारी आणि ज्युलियन', 'मारी आणि सान्ताना', 'मारिया आणि पोपोवी' या सह्या काळाप्रमाणे बदलल्या आहेत आणि त्यांवरून भांड्याचा काळ ठरवता येतो. मारियांनी शेजारणींच्या भांड्यांवरही आपले नाव घातल्याच्या नोंदी आहेत, कारण नाव असलेले भांडे चांगल्या किमतीला जाई आणि शेजारणीला दोन पैसे अधिक मिळत. बाजाराने एका व्यक्तीचे नाव मागितले. गावाने मात्र काम सर्वांचे मानले. मला हे वागणे अत्यंत सुसंगत वाटते.

१५. विजेच्या भट्टीत भाजलेले किंवा साच्यात ओतलेले भांडे अस्सल म्हणावे का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हाताने वळ्या रचून घडवलेले भांडे विजेच्या भट्टीत भाजले, तर घडण परंपरेची आणि भाजणे आधुनिक. अकोमा येथे पांढऱ्या भांड्यांवर डाग पडू नयेत म्हणून आज अनेक कारागीर हे करतात. घडवणारीने तसे स्पष्ट सांगितले तर त्यात फसवणूक नाही.

साच्यात ओतलेले तयार कच्चे भांडे विकत आणून त्यावर केवळ नक्षी रंगवणे, हा वेगळा प्रकार आहे. रंगवणारी व्यक्ती प्युब्लो असू शकते आणि रेघा सुंदर असू शकतात, पण ते हातवळणीचे भांडे नव्हे आणि त्याची किंमत त्या दराने घेणे गैर आहे. आतून हात फिरवून पाहावे. वळ्यांच्या भांड्यात भिंतीची जाडी सूक्ष्मपणे कमी-जास्त लागते, साच्याच्या भांड्यात ती यांत्रिकपणे सारखी असते. थेट विचारणे हा सर्वांत चांगला मार्ग: माती कोणाची, घडवले कोणी, भाजले कसे?

१६. खरेदी कुठे करावी? फसवणुकीविरुद्ध कायदा आहे का?

शक्य तेव्हा घडवणाऱ्या कुटुंबाकडूनच करावी. सान्ता फे येथे १९२२ साली सुरू झालेला आणि ऑगस्टमध्ये भरणारा इंडियन मार्केट, तेथील पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत बसणारे मूलनिवासी विक्रेते, आल्बुकर्कीतील १९ प्युब्लोंच्या मालकीचे सांस्कृतिक केंद्र आणि गावांतील घरांबाहेर 'पॉटरी' अशी पाटी लावलेली दारे, हे भरवशाचे मार्ग आहेत. गावात जाताना छायाचित्रांची परवानगी आधी विचारावी. काही दिवशी गावे बाहेरच्यांसाठी बंद असतात.

१९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार, मूलनिवासी व्यक्तीने न घडवलेली वस्तू तशी असल्याचे भासवून विकणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीही व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'प्युब्लो शैलीचे' असा शब्दप्रयोग दिसला तर सावध व्हावे. किमतीबाबत घासाघीस करण्यापूर्वी तिसरे आणि पाचवे उत्तर पुन्हा वाचावे, एवढीच विनंती.

१७. या भांड्यात पाणी, फुले किंवा अन्न ठेवता येते का?

घोटलेल्या काळ्या किंवा लाल भांड्यात पाणी कधीही घालू नये. कमी तापमानावर भाजलेली माती पाणी शोषते, ओल बाहेरपर्यंत झिरपते आणि चकाकी कायमची जाते. पुसायचे तर मऊ कोरड्या कापडाने, आणि उचलायचे तर दोन्ही हातांनी तळाशी धरून; काठाला धरून उचलू नये.

अभ्रकाच्या मातीची भांडी हा याला अपवाद आहे. ती मुळात शिजवण्यासाठीच घडतात, मंद आचेवर त्यांत घेवडा उत्तम शिजतो. तरीही घेतलेले भांडे वापरासाठी आहे की शोभेसाठी, हे घडवणाऱ्याला विचारून घ्यावे.

१८. माता ओर्तिसची भांडी प्युब्लोच आहेत ना?

नाहीत. माता ओर्तिस हे मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील गाव आहे. तेथील हुआन केसादा यांनी जवळच्या पाकिमे येथील प्राचीन खापरांवरून स्वतः प्रयोग करत हातघडणीची पद्धत शोधली आणि गावाला शिकवली. २०२२ साली ते वारले. ही भांडी अप्रतिम असतात आणि त्यांच्या नावानेच विकत घ्यावीत. 'प्युब्लो' म्हणून विकणाऱ्याकडून घेऊ नयेत.

१९. फिरताना जमिनीवर पडलेले खापर उचलले तर चालेल का? आणि विकत घेतलेले भांडे भारतात आणता येते का?

खापर उचलू नये. संघराज्याच्या आणि मूलनिवासींच्या जमिनीवरील पुरातन वस्तूंना १९७९ च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि राष्ट्रीय उद्यानांतून काहीही नेण्यास मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ती खापरे त्या लोकांच्या पूर्वजांची आहेत. ती जागेवरच राहू द्यावीत.

आजच्या कारागिराने विक्रीसाठी घडवलेले भांडे आणण्यास अडचण नाही. पावती आणि घडवणाऱ्याचे नाव असलेला कागद जपून ठेवावा. थडग्यांतून निघालेल्या किंवा विधींच्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. १९९० च्या एका कायद्याने संग्रहालयांवर अशा वस्तू समाजांना परत करण्याची जबाबदारी टाकली आणि २०२२ साली झालेल्या कायद्याने बेकायदा मिळवलेल्या वारसा-वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आणली. म्हणून 'प्राचीन' म्हणून विकले जाणारे, मूळ ठाऊक नसलेले भांडे घेण्याचे टाळावे.

२०. संग्रहालयांत जुनी भांडी पाहायची असतील तर कुठे जावे?

सान्ता फे येथील म्युझियम ऑफ इंडियन आर्ट्स अँड कल्चर येथून आरंभ करावा. अकोमाच्या मेसाच्या पायथ्याशी हाकू संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर मी पोहाके येथील पोए सांस्कृतिक केंद्र सुचवेन. स्मिथसोनियनच्या मूलनिवासी संग्रहालयात राहिलेली तेवा गावांची १०० जुनी भांडी २०१९ साली दीर्घ मुदतीच्या कराराने तेथे आणली गेली आणि त्या गावांतील आजचे कारागीर ती जवळून अभ्यासू शकतात.

२०२२ साली सान्ता फे येथे आणि २०२३ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'ग्राउंडेड इन क्ले' हे प्रदर्शन झाले. त्यातील भांडी निवडण्याचे आणि त्यांविषयी लिहिण्याचे काम २१ समाजांतील साठाहून अधिक व्यक्तींनी केले होते. संग्रहालयातील पाटीवर घडवणाऱ्याच्या घरचे शब्द वाचायला मिळाले, तर ती पाटी आधी वाचावी आणि मग तारीख-मापे पाहावीत.